सुतळीबाईंचं खोकं

राष्ट्रीय वेष्टन-कचरा धोरणाचा मसुदा अकरा वाजता मंत्र्यांच्या टेबलावर हवा होता, आणि पावणेअकराला फोन आला की तो कुकर दुरुस्तीच्या दुकानात पडलाय.

ही करामत सुतळीबाईंची. आवक-जावक सांभाळणाऱ्या या बाईंनी वीस वर्षांत कार्यालयाला सुतळीचा नवा गुंडा घेऊ दिला नव्हता. पार्सलची गाठ त्या कधी कापत नसत, नखांनी सोडवत. अशी माणसं हुडकूनही सापडत नाहीत. तर सहीचा मसुदा बाईंनी आपल्या घरच्या कुकरच्या खोक्यात भरला आणि मंत्र्यांचा पत्ता झाकणावर चिकटवला. कुकर याच खोक्यातून मागे दुरुस्तीला गेला होता. दुकानाचा पत्ता बाजूला तसाच राहिला, आणि पार्सलवाल्याने नेमका तोच वाचला.

"बाई, देशाचं धोरण तुम्ही कुकरच्या खोक्यात घातलंत?" साहेब कडाडले. दोन वर्षं खपून त्यांनी तो मसुदा लिहिला होता. आज मंजुरी हुकली की तो पुन्हा कपाटात जाणार होता.

"मग काय कोऱ्या खोक्यात घालू? आत काय लिहिलंय ते वाचलंय मी, साहेब."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

पाच मिनिटं उरली असताना दुकानदार स्वतः स्कूटरवरून खोकं घेऊन आला.

"काल दुपारी आलं. गिऱ्हाइकाची तक्रार समजून सगळं वाचलं," तो म्हणाला. "जरा सुधारलंय."

साहेबांनी पानं उलटली. समासात पेन्सिलीचं अक्षर होतं. 'कंपन्यांनी वेष्टन परत न्यावे' याशेजारी: 'कधी? तारीख घाला.' 'थर्माकोल टाळण्यास प्रोत्साहन द्यावे' याशेजारी: 'प्रोत्साहन पुरे. बंदी घाला. माझा माळा येऊन बघा.'

नवी प्रत काढायला वेळ नव्हता. साहेब जीव मुठीत धरून आत गेले. मंत्र्यांनी आधी पेन्सिलच वाचली, शेवटपर्यंत.

"हे तज्ज्ञ कोण? फार नेमकं लिहितात."

"बाहेरचे सल्लागार आहेत," साहेबांनी घाम पुसला.

धोरण तारखेसकट आणि बंदीसकट मंजूर झालं. महिन्याभराने छापील प्रतींचा गठ्ठा आला, तेव्हा वरचीच एक प्रत ओढून बाईंनी शेवटचं कलम मोठ्याने वाचलं: "'जुने खोके पुन्हा वापरताना आधीचा पत्ता ठळकपणे खोडावा.' हे कुणी घातलं? दुकानदाराने?"

"मी," साहेब म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. गठ्ठ्याची गाठ ते नखांनी सोडवत होते.