हजेरीचं पान

सकाळी आठपासून गुफरान एकाच ओळीवर अडला होता. अंबाजोगाईतल्या त्या कॉलेजात तो हंगामी प्रोग्रामर. हजेरीची वही बंद व्हावी म्हणून त्याने पीएचपी या संगणकी भाषेत एक पान बनवलं होतं. माणसाने नाव आणि पासवर्ड टाकायचा. मग पान डिरेक्टरी सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांची नावं-पासवर्ड सांभाळणाऱ्या मशीनला विचारणार, हा माणूस आपलाच ना? बारा वाजता प्राचार्य अमरसिंह सर ते बघणार होते. चाललं तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेरीस नारळ. आणि सर्व्हर तर खुद्द गुफरानलाच ओळख देत नव्हता.

त्याने पासवर्ड बदलून पाहिला, खुर्ची बदलून पाहिली, दोन चहा थंड केले.

"झालं का बे?" हेडक्लार्क राधाकिशनकाका दर पाच मिनिटांनी डोकावत होते.

"न्हाई काका. आत घेईना."

"सरक जरा. मी बघतो."

काकांनी एका बोटाने नाव टाकलं आणि बटण दाबलं. 'हजेरी लागली.' गुफरान बघतच राहिला. मागून शिपाई केशरबाई आल्या, त्यांचीही लागली. साडेदहापर्यंत काकांचं बघून सगळ्या कॉलेजची लागली. गुफरानने पुन्हा जपून पासवर्ड टाकला. सर्व्हरने पुन्हा हाकलून दिलं. पावणेबारापर्यंत हेच चाललं.

"तुलाच कावून घेईना रे?"

"काका, तुमी पासवर्ड काय टाकला?"

"कसला पासवर्ड? रोजच्या माणसाला काय इचारायचं? मोकळंच सोडलं."

गुफरानच्या आता ध्यानात आलं. पासवर्ड रिकामा दिसला की सर्व्हर 'असेल कुणी पाहुणा, बसू दे' म्हणून दार उघडत होता, आणि त्याचं भोळं पान त्यालाच ओळख पटली असं समजत होतं. नुसतं नाव माहीत असलं की कुणीही कुणाचीही हजेरी लावावी. दुरुस्ती एका ओळीची होती, पण ती केली तर आज कुणीच आत जाणार नव्हतं, कारण खरा पासवर्ड चालतच नव्हता. त्याने कीबोर्डवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. तेवढ्यात सरांची गाडी फाटकातून आत आली.

सरांनी नाव टाकलं. पासवर्ड काही आठवेना. थोडा वेळ हनुवटी खाजवून त्यांनी तसंच बटण दाबलं. पानावर उमटलं: 'आपली हजेरी आधीच लागली आहे. वेळ नऊ पंचावन्न.'

गुफरानने काकांकडे पाहिलं. काका पंख्याकडे बघत होते. प्राचार्य कुणीही असो, वहीत त्यांची सही वेळेवर पडलेली असावी, ही जबाबदारी काकांनी वीस वर्षं न सांगता सांभाळली होती. आज त्यांनी ती पानावरही सांभाळली होती.

सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. मग पुन्हा पानाकडे पाहिलं.

"सर, यात एक चूक राहिलीय..." गुफरान म्हणाला.

"कुठं हाय चूक?" सर शांतपणे म्हणाले. "नऊ पंचावन्नलाच आलो मी. राधाकिशन, याचं नेमणुकीचं पत्र टाइप करा. कायम."

उठावं की बसावं, गुफरानला कळेना.

"आणि कामाचं स्वरूप लिहा," दारात वळून सर म्हणाले, "सदर पानाला कोणीही हात लावणार नाही, यावर लक्ष ठेवणे."