समोरची काच, बाजूची काच

जुन्या गाडीच्या समोरच्या काचेला तडा गेला, तेव्हा अमरावतीच्या काचवाल्याला मी छाती फुगवून सांगितलं, "लॅमिनेटेडच बसवा." (हा शब्द मी नुकताच त्याच्याच भिंतीवर वाचला होता.)

"दोन काचांच्या मधात प्लॅस्टिकचा पापुद्रा असते, साहेब," तो म्हणाला. "फुटली तरी चिकटून राहाते, तोंडावर येत नाई."

"काच ते काच! साधी बसवा," बायको मंजुषा म्हणाली. मी ठाम राहिलो. (वर्षातून एकदा राहतो.)

चौथ्याच दिवशी आम्ही तिच्या माहेरी, अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे पुढच्या टिप्परमधून गिट्टी उडाली आणि थेट मंजुषाच्या समोर आदळली. ठाण! मी गाडी कडेला घेतली. काचेवर कोळ्याचं जाळं पसरलेलं. पण आत एक कण नाही.

मंजुषानं गालावरून हात फिरवला. "बरं झालं, तुमी माह्यं ऐकलं नाई."

आठ वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा! अकोल्यापर्यंत मी गाडी चालवली नाही, मिरवली.

सासऱ्यांच्या अंगणात गल्ली जमली. मी काचेवर व्याख्यान दिलं. सासरे नत्थुजी शांतपणे म्हणाले, "अन् बाजूची बी अशीच हाय काय, जवाईबापू?"

"म्हणजे काय, मामाजी! आणा हातोडा."

मी चालकाच्या बाजूच्या काचेवर एकच ठोका दिला. खळ्ळकन अख्खी काच खडीसाखर होऊन सीटवर सांडली.

मेहुणी प्रणालीनं दाणे तळहातावर घेतले, मोबाइलमध्ये पाहिलं. "जिजाजी, बाजूची टफन्ड असते म्हनते. बोथट दाने होतात, कापत नाई."

"तेच तर दाखवून राहिलो!" मी मान ताठ ठेवून म्हणालो.

"सेफ हाय, मानलं," नत्थुजी म्हणाले. "पन आता हाय कुठं?"

दुसऱ्या दिवशी अकोल्यात समोरची काच मिळाली, बाजूची मिळाली नाही. परतताना वारा आणि धूळ नाकातोंडात जायला लागली, म्हणून मंजुषानं आपला स्कार्फ माझ्या तोंडाला गुंडाळला. फक्त डोळे उघडे. तरी माझी ऐट कमी नव्हती. दोन्ही काचांची परीक्षा घेतलेला माणूस जिल्ह्यात दुसरा कोण होता?

बडनेऱ्याला ट्रॅफिक पोलिसानं हात दाखवला, उघड्या खिडकीतून आत वाकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला,

"ताई, काच नाई तं नाई, सीटबेल्ट तरी लावा!"