समोरच्या खिडकीतला बल्ब

"तो बल्ब तेवढा राहू दे, सूनबाई," बाबा म्हणाले होते. "त्याच्यावर आपलं ठरलंय."

"ठरलंय ते दिव्याचं, बाबा! बल्ब कुठला, ते कुठं ठरलंय?" असं म्हणून मी खुर्चीवर चढलेसुद्धा.

बाबा म्हणजे माझे सासरे. रस्त्यापलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. आमच्याकडे या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "येईन की, हातपाय थकले की." शेवटी तोडगा निघाला. रोज संध्याकाळी साडेसहाला त्यांनी स्वयंपाकघरातला बल्ब लावायचा. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून तो दिसायचा. दिसला, की बाबा ठीक! मग मी निर्धास्तपणे लेकीला भरवायला बसायची.

निर्धास्त म्हणजे माझ्या मानाने. लेक तेव्हा आठ महिन्यांची. रडली तर का रडली म्हणून मला घोर, आणि गप्प बसली तर का गप्प बसली म्हणून!

त्याच वर्षी मी एक पण केला होता. घरात येणारी प्रत्येक वस्तू आपल्या देशात बनलेली हवी, आणि जास्त वीज खाणारा एकही बल्ब उरता कामा नये. बादली, चाळणी, कपड्यांचे चिमटे, सगळं मी उलटंपालटं करून वाचायची. पुढे पुढे तर दुकानदार मला पाहिलं की खोकी उलटी करूनच समोर मांडायचा!

आमच्या घरातले अकरा बल्ब एका दुपारीत बदलले, आणि जोर ओसरायच्या आत बाबांचं घर गाठलं.

खरं तर बल्बच्या बाबतीत त्यांना शिकवणं म्हणजे माशाला पोहायचा क्लास लावणं. एकतीस वर्षं त्यांनी बल्बच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. प्रत्येक बल्ब कानाशी धरून हलवायचा, आतली तार बोलते का ऐकायचं. बाहेरचा स्वस्त माल आला आणि कारखान्याला टाळं लागलं. पण सवय गेली नाही. घरातला बल्ब गेला, की ते तो हळूहळू फिरवत तुटलेली तार पुन्हा अडकवायचे. लागला, की लहान मुलासारखे हसायचे.

मी नेलेला बल्ब बॅटरीवालाही होता. वीज गेली तरी तीन तास चालणारा. आणि गंमत म्हणजे, खालच्या धातूला बोटं लावली की चक्क हातात लागायचा!

बाबांनी चष्मा लावून खोकं वाचलं. "आपल्याकडे बनतात? पुन्हा?"

"हो, बाबा. लिहिलंय की."

त्यांनी तेच पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी साडेसहाला खिडकीत अंधार. पावणेसातला अंधार. फोन केला, नुसती रिंग. नवऱ्याला ऑफिसात फोन केला.

"अगं, डुलकी लागली असेल."

"या वेळेला?"

"मग बाहेर गेले असतील."

"साडेसहाला? एक वेळ घड्याळ चुकेल, बाबा नाही!"

लेकीला काखोटीला मारलं आणि सुटले. तिच्या एकाच पायात मोजा, माझ्या एका पायात नवऱ्याची चप्पल.

बेल वाजवली. दार ठोठावलं. आत मोबाईल वाजतोय, माणूस नाही! खालच्या काकू वर आल्या. "दुपारी धप्पकन आवाज आला होता गं वरून!" शेजारचे निवृत्त मास्तर दाराला कान लावून म्हणाले, "कण्हल्यासारखं वाटतंय." (तो फ्रीज होता.) वरच्या मजल्यावर कपाट बसवणारे सुतारकाका हत्यारं घेऊन धावत आले.

"फोडू?"

"फोडा!"

कडाड्कन लॅच तुटलं. आम्ही सगळे एकमेकांच्या पाठीवर आत. पलंग नीट, न्हाणीघर रिकामं. स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची, आणि वर होल्डर मोकळा! मी लेकीला घट्ट धरून खाली बसले.

"खिडकीतून तर नाही ना…" काकू पुटपुटल्या. सगळे खिडकीकडे धावले.

इतक्यात अंधाऱ्या जिन्यातून एक उजेड वर आला. मुठीत पेटता बल्ब, त्यावर बाबांचा घाबरलेला चेहरा.

"कोण गेलं?"

"तुम्ही!" काकू म्हणाल्या.

बागेतल्या बाकावर कारखान्यातले तिघे जुने सोबती जमतात. त्यांना दाखवायला बाबा बल्बच काढून घेऊन गेले होते! "एकेकाच्या हातात लावून दाखवला गं. आमचा फोरमन, आयुष्यात हसला नाही कधी, तो डोळे पुसत बसला. वेळेचं भानच राहिलं नाही."

सुतारकाकांनी तुटक्या लॅचकडे बघितलं. "जादा किल्ली नव्हती का कुणाकडे?"

"आहे की," बाबा म्हणाले. "हिच्या फ्रीजवर."

सगळी इमारत माझ्याकडे बघायला लागली. मी लेकीचा मोजा शोधायला लागले.

लोक पांगल्यावर मात्र माझा बांध फुटला. "एक दिवा लावायचा होता, बाबा! तेवढाच!"

ते ओशाळले. म्हणाले, "दिव्याचं काय घेऊन बसलीस? मागच्या महिन्यात चार दिवस तापाने फणफणलो होतो. साडेसहाला उठायचो, दिवा लावायचो, पुन्हा आडवा व्हायचो. तू पोरीपायी आधीच हैराण…"

चार संध्याकाळी मी तो दिवा पाहून निर्धास्त झाले होते!

दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला मीच लेकीला घेऊन जायला लागले. ती त्यांच्या मांडीवर बसून बल्ब कानाशी धरून हलवायची, आणि दोघंही गंभीर चेहऱ्याने ऐकायचे. पुरती दोन वर्षं मिळाली आम्हाला. आता बाबा नाहीत. लेक शाळेत जाते, आणि त्या खिडकीला दुसऱ्यांचे पडदे आहेत.

तुमचंही कुणाशी असंच काही ठरलेलं असेल. एखादा मिस्ड कॉल, सकाळचा फुलांचा मेसेज. रोज येतो ना? तरीही आज जाऊन या. "मला काय धाड भरलीय?" असं म्हणतील. म्हणू द्या. तुम्ही आपला त्यांच्या कपाळाला हात लावून बघा.