विजयानंतरचा सामना

एकवीस वर्षांखालील मुलांच्या आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना पुण्यात शनिवारी संध्याकाळी पाच वाजता होता, आणि भारतीय संघाची विजयी मिरवणूक त्याच दिवशी दुपारी दोन वाजता. या क्रमात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

वाटलं ते फक्त संघाच्या कोचला आणि चेतन रामटेकेला. चेतन संघाचा गोलकीपर, राहणार बिबवेवाडी. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता, म्हणजे या संघातला हा त्याचा शेवटचा सामना. त्याची आई चंद्रभागाबाई दवाखान्यात नर्स. आजवर लेकाच्या प्रत्येक मॅचला तिची नेमकी ड्यूटी लागलेली. यंदा पहिल्यांदाच तिने रजा टाकली होती आणि जेवण झाल्याझाल्या ती मैदानावर जाऊन बसणार होती. का, तर पार्किंगचं काही सांगता येत नाही. तिच्याकडे गाडी नव्हती.

मिरवणुकीचे आयोजक आप्पासाहेब. हुद्दा, इच्छुक. गेल्या तीन निवडणुका त्यांनी हा हुद्दा निष्ठेने सांभाळला होता. सकाळीच ते संघ उतरला होता त्या हॉटेलवर आले.

"अहो, आपण अजून जिंकलो नाही," संघाचे कोच हिंमतराव म्हणाले.

"मग? जिंकणार नाही का?"

"जिंकू की. पण आधी खेळू तर द्या!"

"चार वाजता निवडणूक जाहीर होतेय. आचारसंहिता लागली की तुमच्या गळ्यात साधा हार घालायची चोरी. मॅच अलीकडे घेता का?"

"आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे ती!"

"बघा. तुमची वेळ हलत नाही, आयोगाची हलत नाही. मग मिरवणुकीनेच समजूतदारपणा दाखवायचा ना?"

"आणि हरलो तर?"

"हरलात तर नंतर सत्कार करणार कोण? म्हणून तर आत्ता करतोय. तुमच्याच भल्याचं बोलतोय, सर." मग आप्पासाहेबांनी आवाज खाली आणला. "की कोचचाच संघावर विश्वास नाही, असं पत्रकारांना सांगू?"

हिंमतरावांनी मुलांना खाली बोलावलं.

चेतनला पायाला पॅड, अंगात चेस्टगार्ड आणि डोक्यावर हेल्मेट अशा सगळ्या सरंजामासह उघड्या जीपवर उभं करण्यात आलं, कारण साध्या कपड्यात तो खेळाडू वाटत नव्हता. आप्पासाहेबांना आणखी एक शंका होती.

"बॅट कुठंय तुझी?"

"स्टिक म्हणतात, साहेब."

"असू दे, असू दे. उंच धर. आणि हस जरा, वर्ल्ड चॅम्पियन आहेस!"

चौकाचौकात ढोलताशा होता. जेसीबीच्या बकेटमधून फुलं पडत होती. एका चौकात क्रेनला टांगलेला हार एवढा जड निघाला, की कर्णधाराची मान आखडली आणि राखीव कर्णधाराला उरलेल्या हारांसाठी पुढे करावं लागलं. प्रत्येक चौकात एक भाषण, प्रत्येक भाषणात आजच्या देदीप्यमान विजयाचं वर्णन. तिसऱ्या चौकापर्यंत तर स्कोअरसुद्धा ठरला होता.

चारला आचारसंहिता लागली. आप्पासाहेबांनी कायद्याचा मान राखत त्याच सेकंदाला माइक खाली ठेवला, आपल्या कार्यकर्त्यांना पांगवलं, जेसीबी आणि जीप जागच्या जागी सोडली आणि ते रिक्षाने घरी गेले. जीपचा ड्रायव्हरही कार्यकर्ताच होता, तोही गेला.

आता रस्त्यावर संघ होता आणि संघाभोवती संघासाठी तुंबलेलं ट्रॅफिक. हिंमतरावांनी मुलांना उतरवलं आणि सगळे मैदानाच्या दिशेने चालू लागले. पुढच्या चौकात हवालदाराने हात आडवा केला.

"मागं व्हा. रस्ता बंदे. हॉकीची टीम यायचीय."

"आम्हीच टीम," चेतन म्हणाला.

"काय सांगता! टीम जीपमधून यायचीय. चालत येते का टीम?"

"अहो, पाचला फायनल आहे आमची!"

"फायनल जिंकली म्हणून तर रस्ता बंद केलाय. येडा समजता काय मला?"

हिंमतराव त्याच्याशी हुज्जत घालत असताना चेतन गल्लीतून सटकला आणि पॅडसकट पळायला लागला. गोलकीपरचे पॅड पळण्यासाठी नसतात. गल्ली मात्र त्याच्याच ओळखीची होती, आणि तेच नडलं. शेजारच्या यमुनाबाई ताट घेऊन दारातच उभ्या होत्या.

"थांब रे, ओवाळू दे. एवढा मोठा झालास आणि पळतोस?"

"मावशी, मॅच आहे!"

"परत? एक जिंकलास ना आता? आईला जरा सुख लागू दे."

पुढे रसवंतीवाल्या काकांनी त्याचा दंड धरला. "एक फोटो."

"काका, सोडा. अजून मॅच व्हायचीय."

काका दुखावले. "मग आम्ही पेढे कशाचे खाल्ले?"

याचं उत्तर द्यायला चेतन थांबला असता तर निदान एक माणूस तरी शहाणा झाला असता. पण तो पळत सुटला. मागे पोरं धावत होती, बाल्कन्यांतून टाळ्या पडत होत्या, आणि ज्याने त्याने वाट मोकळी करण्याऐवजी मोबाइल पुढे केला होता.

तो मैदानावर पोहोचला तेव्हा प्रतिस्पर्धी संघातली मुलं एकमेकांशी हात मिळवत होती. पंचांनी नियमात बसेल तेवढी वाट पाहिली होती आणि मग सामना त्यांना बहाल केला होता. "गोलकीपर वेळेवर आला असता तरी," ते सौजन्याने म्हणाले, "उरलेले दहा कुठे आहेत?"

चेतनने हेल्मेट काढलं आणि वर पाहिलं. अख्ख्या स्टँडमध्ये एकच बाई बसलेली, मांडीवर डबा. तिने हात हलवला. मॅच सुरू व्हायची आहे असंच तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शहर खवळलं. सत्कार घेऊन हरतात, लाज नाही वाटत? सोसायट्यांच्या ग्रुपवर संघाच्या बेफिकिरीचा निषेध झाला. आप्पासाहेबांनी तर चौकशीची मागणी केली, आणि ती मान्य झाली. चौकशी समितीने रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं फुटेज मागवलं. त्यात रसवंतीच्या पुढे एक माणूस अगदी स्पष्ट दिसतो. चेतन डावीकडे जातो, तो डावीकडे सरकतो. चेतन उजवीकडे, तोही उजवीकडे. हात वर, मोबाइल आडवा, चेहऱ्यावर देशाबद्दलचा अभिमान. खिशातून स्टेडियमचा फुकट पास डोकावतोय.

समितीला तो अजून ओळखू आलेला नाही. तुम्ही घाबरू नका. चेहऱ्यापुढे मोबाइल होता तुमच्या.