पाचवा लाल दिवा

विनफ्रीडने प्रोबची सुई बोटाने दाबून धरली आणि लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजू लागला. एक. दोन. तीन.

"नमस्कार, विनफ्रीड." वेल्डिंगचा झिगमार हात पुढे करून उभा होता.

कारखान्याची रीतच तशी. सकाळी आलेल्याने प्रत्येकाशी हात मिळवायचा, शुक्रवारी निघतानाही मिळवायचा. पुढे आलेला हात घेतला नाही तर माणूस महिनाभर रुसून बसतो. डावा द्यावा, तर डाव्यात प्रोब. विनफ्रीडने उजवा दिला. सुई सुटली. आता सेल काढा, पुन्हा घाला, पुन्हा एकपासून.

दुखणं तसं लहानच होतं. हा बिनतारी प्रोब मशीनमध्ये बसून जॉबला, म्हणजे मशीनवर चढवलेल्या तुकड्याला, शिवतो आणि मापं हवेतून मशीनला कळवतो. सोमवारी शेजारच्या मशीनलाही तसाच प्रोब आला आणि दोघे एकाच चॅनलवर बोलू लागले. शेजारचा कुठे शिवला की विनफ्रीडचं मशीन दचकून थांबायचं. याला पाचव्या चॅनलवर न्यायचं, म्हणजे पाचव्या लुकलुकीला सुई सोडायची, की हिरवा दिवा लागणार. बस, एवढंच. पण मशीनवरची पंपाची बॉडी आज मोजून झाली नाही, तर उद्या शनिवारी कामावर यावं लागणार होतं. आणि उद्या बायकोला, गेरलिंडेला, तळ्यावर न्यायचं होतं. तीनदा मोडलेला शब्द होता तो.

नऊ वाजेपर्यंत अकरा हात झाले. शेवटी त्याने पाटी लावली: 'कृपया हात मिळवू नये.'

पाटी वाचून स्टोअरची रोझविटा लगबगीने आली. "काय रे, साथ-बिथ आलीय का?"

"नाही गं. मोजतोय."

"मग आमच्यावर रागावलायस?" आणि तिने समजुतीने त्याचा हात हातात घेतला. तेव्हा चौथा दिवा चालू होता.

साडेबारा वाजत आले तेव्हा मालक क्नोडलर आले. "चाळीस वर्षं झाली तुला इथे. पाचपर्यंत मोजता येईना?"

"येतं की साहेब. पाचाच्या आधी माणसं येतात."

"सरक. मी करतो."

साहेब स्टुलावर बसले आणि शुक्रवारची साडेबाराची सुट्टीची घंटा झाली. सगळा कारखाना घरी निघाला, आणि मालकाचा निरोप न घेता कोण जाणार? रांग लागली. साहेबांचा आकडा तीनच्या पुढे सरकेना. रांग संपली तेव्हा ते घामाघूम झाले होते.

"हे शेवटचं," ते म्हणाले. "नाही जमलं तर उद्या आठला ये."

विनफ्रीड जॅकेट चढवून दारापर्यंत गेला. साहेबांचे ओठ हलत होते, पण दोनच्या पुढे दोनच येत होता. आकडा हरवला होता. विनफ्रीड दारापासूनच दिवे मोजत सावकाश चालत आला. तीन. चार. पाच.

"येतो, साहेब." त्याने हात पुढे केला.

साहेबांचा हात सवयीने उचलला गेला. सुई सुटली. हिरवा दिवा लागला, आणि लागूनच राहिला.

साहेब विनफ्रीडचा हात धरूनच त्या दिव्याकडे बघू लागले.

"साहेब," विनफ्रीड हळूच म्हणाला, "हात सोडा आता. मापं घ्यायचीत."