पायरीवरचा दिवा

एका जंगलात, मुलांनो, विस्तवाला सक्त मनाई होती. पूर्वी वणव्यात अर्धं जंगल होरपळलं होतं, म्हणून साधी पणतीही लावायची नाही असं ठरलं होतं. विजेची वायर ओढून पाहिली, तर घुशींनी ती कुरतडून टाकली. त्यामुळे दिवस मावळला की सगळीकडे मिट्ट काळोख. तरी कुणाचं काही अडत नव्हतं.

या जंगलात काटेराव नावाचं एक साळिंदर राहायचं. त्याच्या बिळापुढे छोटा ओटा होता आणि ओट्याला एक दगडी पायरी. हसू नका, आमच्या घरालाही तेवढीच आहे. रोज तिन्हीसांजेला तळ्यावरचं म्हातारं कासव, ढालूअण्णा, तिथे गप्पांना यायचे. दोघं मिळून वाघाला नावं ठेवायचे. वाघ लांब राहत असल्यामुळे दोघंही शूर होते. निघताना अण्णा म्हणायचे, "येतो हं." त्या जंगलात निघताना 'जातो' कुणी म्हणत नसे. ते अशुभ मानत.

पुढे अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. एका संध्याकाळी पायरी चुकली आणि ते उताणे पडले. काटेराव आणि त्याची बायको साळूबाई यांनी कसंबसं त्यांना सरळ केलं.

"आता संध्याकाळचं यायला जमायचं नाही, काटेराव," अण्णा म्हणाले. "पायरीच दिसत नाही."

काटेरावला दुसरा मित्रच नव्हता. अंगभर काटे असले की मित्र जपून वापरावे लागतात.

तो हूपशेठकडे गेला. हूपशेठ म्हणजे नवनव्या वस्तू आणणारं वानर. त्यानं एक दिवा दिला. दिवसा उन्हात ठेवायचा, अंधार पडला की आपोआप उजळतो. वायर नको, विस्तव नको. काटेरावनं तो पायरीवर ठेवला. त्या संध्याकाळी अण्णा चाचपडत आले, थांबले आणि बेतानं वर चढले.

"दिसली हो पायरी," ते म्हणाले. काटेरावचे डोळे भरून आले.

गोष्ट खरं तर इथे संपायला हवी. पण शहाणी साळिंदरं गोष्टीत येत नाहीत, मुलांनो, आणि गोष्टी सांगायलाही बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी हूपशेठ ओटा बघायला आला. त्यानं नाक मुरडलं. "हे काय, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय. अहो, दिवा उजेडासाठी नसतो, माहोलासाठी असतो."

माहोल! हा शब्द काटेरावनं पूर्वी ऐकला नव्हता. तो त्यावर भाळलाच. मी ऐकला तेव्हा माझंही असंच झालं होतं.

काटेरावनं वाळका भोपळा पोखरला, त्याला भोकं पाडली आणि पायरीवरचा दिवा त्यात घालून वेलीला टांगला. भिंतीवर ठिपके ठिपके पडले. फार गोड दिसलं. मग त्यानं आणखी दिवे आणले. बरणीत ठेवले, शंखांत ठेवले, करवंदीच्या जाळीत खोवले. छोटे दिवे गुळवेलीत ओवून त्यांची माळ केली. पायरीवर शिंपले मांडले.

"अहो, पाय कुठे ठेवायचा?" साळूबाईनं विचारलं.

"पायरीवर पाय कशाला ठेवायचा?" काटेराव म्हणाला.

एवढ्या दिव्यांना ऊनही हवं. रोज सकाळी सगळे दिवे कातळावर नेऊन मांडायचे, संध्याकाळी परत आणायचे. मध्ये ढग आला की ढगाला शिव्या द्यायच्या. आपली कामं करायला वेळ उरेना. लोक ओट्यावर दिवे बघायला येतच, आता कातळावरही येऊ लागले, तेव्हा तिथे बसूनही राहावं लागे.

एका संध्याकाळी अर्धं जंगल ओट्यावर लोटलं. मोर पिसारा फुलवून फोटो काढून घेत होते. माळेचं एक टोक करवंदीला बांधलं होतं. दुसरं अडकवायला जागा मिळेना, म्हणून काटेरावनं ते आपल्याच काट्यांत गुंफून घेतलं होतं. सगळे वा वा करत होते. तेवढ्यात अण्णा आले.

"या, या अण्णा. पण तिथे नको, सावली पडतेय. जरा डावीकडे. अहो, शिंपले!"

अण्णा खालीच थांबले. "छान दिसतंय हो," ते म्हणाले.

"काय काय दिसतंय?" काटेरावनं हौसेनं विचारलं.

"सगळं. पायरी सोडून." ते माघारी वळले. मग म्हणाले, "बरं, जातो."

साळूबाई लगबगीनं पुढे आली. "अहो, अण्णा 'जातो' म्हणाले. जा ना त्यांच्यामागे."

काटेराव उठला. माळ ताणली गेली. आता धावलो तर ती तुटणार, असा त्याच्या मनात विचार आला. तो विचार करून होईपर्यंत अण्णा अंधारात दिसेनासे झाले. कासव ते, फार लांब गेले नव्हते. पण माळही फार सुंदर होती.

सकाळी उठल्या उठल्या अण्णांकडे जाऊन पाय धरायचे असं त्यानं ठरवलं. पण ऊन चांगलं पडलं होतं.

संध्याकाळ झाली तसं त्याला राहवेना. त्यानं सगळे दिवे बिळात टाकले, शिंपले फेकले आणि भोपळ्यातला तो पहिला दिवा काढून पायरीवर ठेवला. मग वाटेकडे डोळे लावून बसला. अण्णा आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तळ्याकाठी जमीन सपाट आहे, तिथेच ते बसतात असं कळलं.

काटेराव पायरीशी बसून रडत होता, तेव्हा हूपशेठ आला. रिकामा ओटा, एकच दिवा, शेजारी वाकलेलं साळिंदर. तो बघतच राहिला.

"वा! काय साधेपणा! याला म्हणतात माहोल."

काटेरावनं डोळे पुसले. दिव्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "थोडा डावीकडे सरकवू का?"

तात्पर्य : ओटा शोभिवंत हवा असेल, तर मित्र लांब ठेवावेत. ते मधे येतात आणि त्यांची सावली पडते.

(हे तात्पर्य मी आमच्या ओट्यावरच्या मंद दिव्याखाली एकटाच बसून लिहिलं आहे. काय लिहितोय ते दिसत नव्हतं. माहोल मात्र फार छान होता.)