दळवींचं हक्कसोडपत्र

दळवी चहासुद्धा हातचं राखून देतात. कप पुढे करायचा आणि म्हणायचं, "घ्या. पण साखरेची ग्यारंटी नाही हं." साखर नेमकी असते. चौदा वर्षं आम्ही इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतून एकाच गाडीने ऑफिसला जातोय. गाडी माझी, कंटाळा माझा आणि शेजारी दळवी. "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "आत्तापर्यंत ठीक. पुढची ग्यारंटी नाही."

स्टोअरकीपर माणूस. जुने पंप देताना पावतीवर 'जसं आहे तसं' लिहून घ्यायची सवय अंगात मुरलेली. मुलगी बघायला गेले तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, "सुखात ठेवाल ना?" हे म्हणाले, "प्रयत्न करीन. ग्यारंटी नाही." तेव्हापासून एकटेच आहेत.

गेल्या महिन्यात गावच्या वकिलाकडून कागद आला. मालवणजवळचं घर दळवी आणि धाकटी बहीण सुमन, दोघांच्या नावावर. आईचं शेवटपर्यंत तिनेच केलं, घरात राहतेही तीच. म्हणून दळवींनी आपला हिस्सा तिला सोडायचं ठरवलं. मसुदा वाचून स्वारी खूश.

"ऐका. 'माझा जो काही हक्क असेल तो सोडत आहे. पुढे कोणी वाद काढल्यास माझी जबाबदारी नाही.' अहो, हा कागद माझ्याच मापाने शिवलाय!"

साक्षीदार मी. म्हणजे माझी एक रजा गेली. इथल्या भारतीय वकिलातीत दोन तास बसल्यावर नंबर लागला आणि काउंटरवरचा माणूस वैतागला. "अंकल, ये नीचे पेन से क्या लिखा है? नहीं चलेगा. दुबारा प्रिंट लाओ."

मी वाकून पाहिलं. छापील मजकुराखाली दळवींच्या अक्षरात एक ओळ होती. 'लिहून देणार गावी आल्यास त्यांस पडवीत राहू द्यावे.'

"दळवी, हे काय नवीन?" मी चिडलोच होतो.

"बहिणीने हक्क सोडला की तिला साडी मिळते, माहेर राहतं," ते हळू म्हणाले. "भावाने सोडला तर काय राहतं हो? पुढच्या वर्षी माझा व्हिसा खलास."

चौदा वर्षं शेजारी बसून हे कधी विचारलं नव्हतं, याची लाज वाटली. टायपिंग सेंटरमधून नवीन प्रिंट आणली. त्या ओळीशिवाय दळवींनी सही केली, मीही केली.

पार्किंगमध्ये त्यांनी गावी फोन लावला. त्यांच्या फोनवर स्पीकरशिवाय ऐकू येत नाही.

"सुमे, सही झाली. आता घर तुझं."

"बरं झालं, दादा."

"मी येऊन राहिलो तर... म्हणजे, तशी काही ग्यारंटी..."

सुमन म्हणाली, "वेडा आहेस का रे? माहेरी यायला कोणी कागद करतं?"

दळवींनी फोन खिशात ठेवला, चष्मा पुसला, गाडीत बसले. गाडी रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "कसं काय?"

"ठीक," ते म्हणाले.

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलंच नाही.